तुरटी, मेंब्रेन आणि उरलेलं पाणी

दिवाळीत पांढरकवड्याकडच्या आमच्या गावी गेलो होतो. पाण्याच्या आरओ प्लांटची खोली बंद, कुलूप गंजलेलं. विचारलं तर काकू म्हणाली, "मेंब्रेन खराब झाली म्हणतात बाबू, आता पुन्हा हापशीच."

घरच्यांना ठाऊक आहे, मी पंधरा वर्षं यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच मशीन चालवलं. तेव्हा "मेंब्रेन खराब झाली" या वाक्यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. मेंब्रेन आपोआप खराब होत नाही, ती न धुता राहते.

आमच्याकडच्या कितीतरी बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर तपकिरी डाग, मग हाडं नि सांधे. हा आजार भारतात 1937 साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरमध्ये नोंदला गेला. आमच्याकडे मात्र डागाळलेले दात म्हणजे खर्रा, असंच लहानपणी ऐकलं. खर्रा न खाणाऱ्या पोरांचेही तसेच होते, पण ते कोण बघतो!

पूर्वी लोक उथळ विहिरींचं पाणी पीत. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधन विहिरी झाल्या. तहान भागली खरी, पण खोल खडकात मुरलेल्या पाण्याबरोबर काही ठिकाणी फ्लोराइडही वर आलं.

त्यावरचा इलाज शोधला आपल्या शेजारच्या नागपुरानं. 'नीरी' ही तिथली संस्था 1958 ची, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. तिनं सत्तरच्या दशकात 'नालगोंडा' पद्धत बसवली. पाण्यात चुना, तुरटी नि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचं, थांबायचं. तुरटीचे कापसासारखे पुंजके होतात, ते फ्लोराइड धरून तळाशी बसतात. वरचं पाणी गाळून घ्यायचं. स्वस्त आणि सोपं. फक्त तुरटी किती, हे पाणी तपासून ठरवावं लागतं आणि टाकीतला गाळ नेमानं काढावा लागतो.

आरओचं मेंब्रेन अमेरिकेत 1960 च्या सुमारास लोब आणि सौरिराजन यांनी कामाचं केलं. त्यातले सौरिराजन मूळचे भारतातले. आजच्या पॉलिअमाइडच्या मेंब्रेनची गंमत अशी, की नालगोंडात जी ब्लीचिंग पावडर लागते, तिच्यातला क्लोरीन हिचा वैरी. आम्ही नळाचं पाणी आत घेण्याआधी मेटाबायसल्फाइट सोडून क्लोरीन मारायचो. तो डोस चुकला की महागडी मेंब्रेन कायमची गेली, कुठल्याच धुण्यानं परत येत नाही.

बाकीचं सगळं धुण्यानं येतं. दर तासाला दाब आणि पाण्याचा वेग वहीत लिहायचा. शुद्ध पाणी दहा-पंधरा टक्क्यांनी घटलं, की प्लांट थांबवून धुवायला घ्यायचा. शेवाळ-चिकटा असेल तर कॉस्टिकचं पाणी, चुन्याचे थर असतील तर सायट्रिक अॅसिड. कमी दाबानं फिरवायचं, मुरू द्यायचं, पुन्हा फिरवायचं, मग बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच ठिकाणावर येईपर्यंत साध्या पाण्यानं खळखळून काढायचं. पहिलं पाणी चहासारखं निघायचं. आळस करून दोन आठवडे पुढं ढकललं की थर दगडासारखा धरतो.

आणि हे सगळं कशासाठी? बॉयलरच्या नळ्यांत थर साचू नये म्हणून! बॉयलरच्या पाण्याला तीन पाळ्यांत तीन माणसं होती. गावच्या प्लांटला उद्घाटनाचा फलक आहे, वही नाही. ऑपरेटर म्हणून नेमलेल्या पोराला पगार वेळेवर नव्हता, तो पुण्याला गेला. त्याचं काय चुकलं?

एक हिशोब मात्र कारखान्यातही कुणी फारसा मांडत नसे. आरओ फ्लोराइड नष्ट करत नाही, बाजूला काढतं. लिटरला 3 मिलिग्रॅम असलेलं पाणी घेतलं आणि निम्मं शुद्ध काढलं, तर उरलेल्या निम्म्यात जवळजवळ 6 होतं.

निघताना खोलीच्या मागं जाऊन बघितलं. वाया जाणाऱ्या पाण्याचा पाइप हापशीच्या ओट्यापासून वीसेक पावलांवर मोकळाच सोडला होता. खाली माती अजून पांढरट होती.