साका आणि विष : तळाशी बसलेल्या गाळाचा इतिहास

१/ आमच्या नेकनूरकडे (ता. जि. बीड) उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील करतात. रात्रभर आंबलेल्या भांड्यात सकाळी वर निवळ पाणी आणि तळाशी साका दिसतो. त्याला कोणी नासके म्हणत नाही. मात्र घरी आंबवून बाटलीत भरलेल्या बिअरच्या तळाशी तसाच थर दिसला, की दूषिततेची शंका येते. ही शंका कितपत रास्त आहे? #धागा

२/ आपल्या पूर्वजांनी या साक्याला नावेच दिली होती. शार्ङ्गधर संहितेत सुरेचे थर सांगितले आहेत : वरची निवळ ती प्रसन्ना, त्याखाली दाट कादंबरी, त्याखाली जगल, जगलाहून घट्ट मेदक आणि सत्त्व निघून गेल्यावर उरतो तो बक्कस. किण्व म्हणजे सुरेचे बीज. गाळ हा येथे दोष नाही, तो पेयाचाच एक भाग आहे.

३/ खराब दारूचा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात येतो. बिघडलेली सुरा नेहमीच्या ठिकाणी विकू नये. ती अन्यत्र विकावी, दास व कामकऱ्यांना वेतन म्हणून द्यावी, किंवा ओझ्याच्या जनावरांना व डुकरांना घालावी, असे तो सांगतो. हा क्रम लक्षात ठेवा.

४/ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि अबकारी हे त्या संस्थानाच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. तेथील लोकपेय म्हणजे शिंदी. पहाटेचा गोड रस हवेतील व मडक्यातील जंतूंमुळे काही तासांतच आंबतो आणि पांढरट, गढूळ होतो. हा गढूळपणा नैसर्गिक आहे. पण त्याच्या आडून भेसळही खपते : शेजारच्या तेलंगणात ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत.

५/ मग डोळ्यांनी ओळखायचे कसे? १८७१ मध्ये लुई पाश्चरने लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यातील यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यातील परके जंतू मालकांना दाखवून दिले. १८७६ मध्ये त्याचा बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बिअर बिघडते ती गाळामुळे नव्हे, गाळात शिरलेल्या परक्या जिवांमुळे, हे त्यातून स्पष्ट झाले.

६/ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सेन एक पाऊल पुढे गेला. काही जंगली यीस्टही बिअर बिघडवतात, हे त्याने दाखवले. १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तेथे वापरात आले. चांगला आणि वाईट साका नुसत्या डोळ्यांना सारखाच दिसतो, हा त्याचा धडा.

७/ म्हणून, बाटलीच्या तळाशी बसलेला पांढरट थर हा बहुधा बाटलीत पुन्हा आंबताना खाली बसलेल्या यीस्टचा असतो. संशय घ्यावा तो वर तरंगणाऱ्या पापुद्र्याचा, तारेसारख्या चिकट धारेचा, अनपेक्षित आंबटपणाचा आणि उघडताच उसळणाऱ्या फेसाचा. अतिदाबाने बाटली फुटू शकते, हा धोका खरा आहे. एरवी अल्कोहोल, आम्लता व हॉप्स यांमुळे रोगजंतूंना बिअरमध्ये टिकणे अवघड जाते. बिघडते ती मुख्यतः चव. (१९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.)

८/ याउलट जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. कारण होते मिथेनॉल. त्याचा साका बसत नाही; ते पाण्यासारखे नितळ असते. मृतांत बहुतेक हातावर पोट असणारे झोपडपट्टीतील रहिवासी होते.

९/ आता कौटिल्याचा तो क्रम आठवा. गढूळ ते वाईट आणि नितळ ते चांगले, ही समजूत इतिहासात टिकत नाही. टिकून राहिले ते एवढेच : वाईट दारू शेवटी कामकऱ्याच्या वाट्याला येते. साका बाटलीच्या तळाशी बसतो. विष समाजाच्या तळाशी.