तळटीपेतला वर्ग

शीर्षकातला वर्ग गणितातला आहे, आपल्या तुकडीचा नव्हे. शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी आपल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल असा एक इतिहास सांगते. २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, कारण क्वांटम मेकॅनिक्सची पायाभरणी १९२५ सालची. त्या निमित्ताने हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर ही दोन नावं खूप वाचली. मॅक्स बॉर्न हे नाव मला त्या मानाने कमी दिसलं. मला विचाराल तर गोष्टीचा कणा तेच आहेत.

जून १९२५. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात बॉर्न यांच्या हाताखाली काम करणारा तेवीस वर्षांचा वेर्नर हायझेनबर्ग परागकणांच्या ॲलर्जीने इतका हैराण झाला, की उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड नावाच्या खडकाळ बेटावर जाऊन राहिला. तिथे त्याने एक धाडसी गोष्ट केली. अणूतला इलेक्ट्रॉन कुठल्या कक्षेत फिरतो हे कोणी पाहिलेलं नाही. दिसतात त्या प्रकाशाच्या वर्णरेषा, त्यांची वारंवारता आणि तीव्रता. मग कक्षांचा नाद सोडून या मोजता येणाऱ्या आकड्यांचंच गणित का मांडू नये? गणित जमलं, पण त्यात एक खोट होती. दोन राशींचा गुणाकार उलट क्रमाने केला की उत्तर बदलत होतं. हायझेनबर्गला हे खटकत होतं. जुलैमध्ये त्याने लेख बॉर्न यांच्या हाती दिला.

बॉर्न यांना तो विचित्र गुणाकार ओळखीचा वाटू लागला आणि काही दिवसांत उलगडा झाला. हा तर मॅट्रिक्सचा गुणाकार! तरुणपणी ब्रेस्लाऊच्या विद्यापीठात रोझानेस नावाच्या प्राध्यापकांकडे ते तो शिकले होते. आज आपण मॅट्रिक्स बारावीत शिकतो, पण त्या काळी बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना तो विषय अनोळखी होता, खुद्द हायझेनबर्गलाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी कोणीतरी फळ्यावर शिकवलेलं असं कामी आलं. बॉर्न यांनी मदतीसाठी आधी पाउलीला विचारलं. तुमच्या कोरड्या गणिताने हायझेनबर्गची कल्पना बिघडेल, असं म्हणून त्याने नकार दिला. मग बावीस वर्षांचा पास्कुअल जॉर्डन पुढे आला आणि दोघांनी सप्टेंबरपर्यंत रीतसर मांडणी केली. तिचा गाभा एका ओळीचा: स्थान गुणिले संवेग आणि संवेग गुणिले स्थान यांच्यातला फरक शून्य नसतो, तो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.

हे गूढ वाटत असेल तर कागद-पेन्सिल घ्या. 'क्ष वर्ग' हे फलन घ्या आणि त्यावर दोन क्रिया करा: क्ष ने गुणणे आणि विकलन करणे. आधी गुणलं तर क्ष घन मिळतो, त्याचं विकलन ३ क्ष वर्ग. आता क्रम उलटा करा. आधी विकलन केलं तर २क्ष, मग क्ष ने गुणल्यावर २ क्ष वर्ग. फरक किती? क्ष वर्ग, म्हणजे जे फलन घेतलं होतं तेच. क्ष घन घेऊन पाहा, फरक क्ष घनच येईल. फलन कुठलंही असो, हेच घडतं. अशा क्रियांनाच 'ऑपरेटर' म्हणतात. क्ष ने गुणणे हा स्थानाचा ऑपरेटर. आणि विकलनाला प्लांकचा स्थिरांक व एक काल्पनिक संख्या जोडली की तो संवेगाचा. बॉर्न आणि जॉर्डन यांची ओळ म्हणजे आपण आत्ता केलेलं हेच गणित. स्थान आणि संवेग एकाच वेळी अचूक ठरवता येत नाहीत, हे हायझेनबर्गचं १९२७ सालचं प्रसिद्ध तत्त्व याच फरकातून निघतं.

जानेवारी १९२६ मध्ये झुरिचच्या श्रोडिंगरने आपलं तरंगसमीकरण मांडलं. लोकांना हायसं वाटलं, कारण मॅट्रिक्सपेक्षा हे गणित ओळखीचं होतं. दोन्ही पद्धती मुळात एकच आहेत हेही त्याने दोन-तीन महिन्यांत दाखवलं. पण तरंग कशाचा? श्रोडिंगरला वाटलं, इलेक्ट्रॉनचा विद्युतभारच ढगासारखा पसरलेला आहे. बॉर्न यांना ते पटेना. त्यांच्याच विद्यापीठात प्रयोगांत इलेक्ट्रॉन कण म्हणून आदळताना रोज दिसत होते. जून १९२६ च्या लेखात त्यांनी लिहिलं, की तरंगफलन इलेक्ट्रॉन कुठे आहे ते सांगत नाही. तो कुठे सापडण्याची संभाव्यता किती, एवढंच सांगतं. गंमत म्हणजे मूळ मजकुरात त्यांनी तरंगफलनालाच संभाव्यता म्हटलं होतं. मुद्रितं तपासताना तळटीप घातली: अधिक विचार केल्यावर संभाव्यता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साहजिकच, फलन ऋण असू शकतं, संभाव्यता नाही. आमच्या धंद्यात कोड बाहेर पडण्याआधी कोणीतरी शेवटच्या क्षणी एक ओळ दुरुस्त करतो आणि सगळं त्यावर चालतं. ही तशीच ओळ. निसर्गाच्या मुळाशी शक्यता आहे, हे विधान छापून आलं ते असं.

१९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना काढलं, त्यात बॉर्न गेले. जॉर्डन त्याच वर्षी नाझी पक्षात सामील झाला. नोव्हेंबरात १९३२ चं नोबेल एकट्या हायझेनबर्गला जाहीर झालं. त्याने इंग्लंडमध्ये आश्रयाला असलेल्या बॉर्न यांना पत्र लिहिलं, की तिघांच्या कामाचं बक्षीस एकट्याला मिळाल्याने मन खात आहे. पत्र मनापासूनचं होतं, पण समितीने तेव्हा केलं ते अन्यायाचंच, असं माझं मत.

१९३५-३६ च्या हिवाळ्यात सर सी. व्ही. रामन यांनी बॉर्न यांना बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं. कायमची जागा द्यावी म्हणून रामन यांनी खूप प्रयत्न केला. पण एका सभेत बॉर्न यांच्यासमोरच एका इंग्रज प्राध्यापकाने त्यांना दुय्यम दर्जाचा परदेशी ठरवलं. घरी आल्यावर आपल्याला रडू कोसळलं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पुढे ते एडिंबराला गेले. नोबेल मिळालं १९५४ साली, निवृत्तीनंतर, तळटीपेला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर.

१९७० मध्ये ते गॉटिंगेनलाच वारले. तिथल्या त्यांच्या थडग्यावर मात्र तळटीपेतला वर्ग नाही. तिथे कोरली आहे १९२५ ची ती ओळ: गुणाकाराचा क्रम उलटला की पडणारा फरक.