सिनेमाची टायटल्स आणि साउंडट्रॅकची रेकॉर्ड : रेकॉर्डवर ऐकू येतं ते खरंच सिनेमातलं संगीत असतं का?

'पिंक पँथर' म्हटलं की काय आठवतं? दबक्या पावलांनी चालणारा, लांब शेपटीचा गुलाबी पँथर आणि मागे वाजणारा सॅक्सोफोन. पण १९६३च्या मूळ सिनेमाच्या गोष्टीत हा पँथर कुठेच नाही. तिथे 'पिंक पँथर' हे एका हिऱ्याचं नाव आहे. कार्टूनमधला पँथर जन्मला तो फक्त सुरुवातीच्या श्रेयनामावलीसाठी. डीपॅटी-फ्रेलेंग या ॲनिमेशन कंपनीने तो रेखाटला, हेन्री मॅन्सिनी यांनी धून दिली. लोकांना तो इतका आवडला की त्याची स्वतंत्र कार्टून मालिका सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच भागाला ऑस्कर मिळालं.

थोडक्यात, ज्या दोन-तीन मिनिटांत प्रेक्षक अजून खुर्ची शोधत असतात, त्या मिनिटांनी एक पात्र जगाला दिलं.

टायटल डिझाइन म्हणजे काय?

सिनेमाच्या सुरुवातीला किंवा शेवटी येणारी नावं कशी दिसतील, कशी हलतील आणि कोणत्या संगीतावर येतील, हे ठरवण्याचं काम म्हणजे टायटल डिझाइन. मराठी नाटकांच्या जाहिरातींमधली कमल शेडगे यांची अक्षरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नुसत्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव कसा कळतो हे वेगळं सांगायला नको. सिनेमात त्या अक्षरांना हालचाल आणि संगीत मिळतं.

हॉलिवूडमध्ये या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली सॉल बास (१९२०-१९९६) यांनी. त्याआधी बहुतेक सिनेमांत नावांच्या पाट्या एकामागून एक यायच्या. त्या सुरू असताना थिएटरचा पडदा पूर्ण उघडलेलाही नसायचा. १९५५ साली ऑटो प्रेमिंजर यांचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' आला. विषय होता अमली पदार्थांचं व्यसन. बास यांनी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या सरकवल्या आणि त्या पट्ट्यांचा शेवटी एक वेडावाकडा हात केला. सोबत एल्मर बर्नस्टाइन यांचं जॅझ. या सिनेमाच्या रिळांच्या डब्यांवर ऑपरेटरसाठी सूचना होती : टायटल्स सुरू होण्याआधी पडदा उघडा.

तोच हात पोस्टरवर आला, जाहिरातींत आला आणि साउंडट्रॅकच्या एलपीच्या कव्हरवरही आला. टायटल्सची आवड असलेली माणसं रेकॉर्डच्या दुकानात का सापडतात, याचं उत्तर इथे आहे. व्हिडिओ कॅसेट येण्याआधी थिएटरमधून उतरलेला सिनेमा घरी नेता येत नव्हता. त्याचं चित्र आणि संगीत एकत्र नेता येणारी वस्तू म्हणजे बारा इंची रेकॉर्ड. १९५९च्या 'ॲनाटॉमी ऑफ अ मर्डर'चं उदाहरण घ्या. बास यांनी तुकड्या-तुकड्यांत कापलेली मानवी आकृती टायटल्समध्येही आहे आणि कव्हरवरही. आत ड्यूक एलिंग्टन यांचं संगीत, ज्याला ३ ग्रॅमी मिळाले. माझ्या मते भिंतीवर टांगण्यासारखं यापेक्षा चांगलं कव्हर क्वचितच निघालं असेल.

मग रेकॉर्डवर सिनेमातलंच संगीत असतं ना?

अनेकदा नसतं. नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांना हा पहिला धक्का असतो.

अमेरिकेत वादकांची संघटना ताकदवान होती. सिनेमासाठी वाजवलेलं रेकॉर्डिंग एलपी म्हणून विकायचं तर वादकांना पुन्हा पैसे द्यावे लागत. त्यापेक्षा तेच संगीत नव्याने वाजवून घेणं अनेकदा स्वस्त पडायचं. शिवाय घरी ऐकणाऱ्याला पाठलागाच्या दृश्यातलं चाळीस सेकंदांचं वादन नको असायचं, त्याला पूर्ण धून हवी असायची. मॅन्सिनी यात तरबेज. 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज' (१९६१) या सिनेमाची त्यांची गाजलेली एलपी ही खास रेकॉर्डसाठी पुन्हा वाजवलेली आहे. प्रत्यक्ष सिनेमातलं रेकॉर्डिंग 'इंट्राडा' या कंपनीने सीडीवर आणलं ते थेट २०१३ साली. म्हणजे पन्नास वर्षं लोक जे 'सिनेमाचं संगीत' म्हणून ऐकत होते, ते सिनेमातलं नव्हतंच!

हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'ची (१९५८) गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बास यांची टायटल्स, जॉन व्हिटनी यांची फिरणारी वर्तुळं आणि बर्नार्ड हरमन यांचं गरगरायला लावणारं संगीत. अमेरिकेत वादकांचा संप असल्यामुळे रेकॉर्डिंग लंडनला हलवलं गेलं आणि पुढे उरलेलं व्हिएन्नात करावं लागलं. लंडनचा भाग स्टिरिओ, व्हिएन्नाचा मोनो. वाद्यवृंदासमोरही हरमन नव्हते, म्युअर मॅथिसन होते. मूळ टेपवरून काढलेली आवृत्ती ऐकताना आवाजाचा पोत मध्येच बदलला, तर दोष तुमच्या स्पीकरचा नाही.

काही वेळा तर नेमकं टायटल्सचं संगीतच रेकॉर्डवर नसतं. 'सेव्हन'ची (१९९५) टायटल्स काइल कूपर यांनी केली. फिल्मवर हाताने खरवडलेली अक्षरं, थरथरणाऱ्या प्रतिमा आणि 'नाइन इंच नेल्स' या बँडच्या गाण्याचं रिमिक्स. नव्वदच्या दशकात टायटल डिझाइनला पुन्हा दिवस आले, त्याचं मोठं श्रेय या सिनेमाला जातं. पण त्या वेळी निघालेला साउंडट्रॅक अल्बम उघडा. ते रिमिक्स त्यात नाही.

आपल्याकडे काय होतं?

हिंदी-मराठी सिनेमाच्या रेकॉर्ड म्हणजे प्रामुख्याने गाणी. पार्श्वसंगीत त्यावर क्वचितच यायचं, त्यामुळे त्यातलं बरंचसं फक्त सिनेमाच्या प्रिंटमध्येच उरलं आहे. उलटा प्रकार मात्र घडायचा. 'शोले'साठी (१९७५) आर. डी. बर्मन यांनी एक कव्वाली रेकॉर्ड केली होती. ती गाणाऱ्यांत किशोर कुमार आणि मन्ना डे यांच्यासोबत गीतकार आनंद बक्षी स्वतः होते. सिनेमात ती नाही, रेकॉर्डवर आहे. याच सिनेमाची पॉलिडोरने काढलेली संवादांची रेकॉर्ड तर घराघरांत वाजली.

रेकॉर्ड घेताना काय बघायचं?

चोर बाजारात असाल किंवा ऑनलाइन, आधी कव्हरची मागची बाजू वाचा. 'ओरिजिनल साउंडट्रॅक' लिहिलेलं असेल तर सिनेमातलं रेकॉर्डिंग असण्याची शक्यता जास्त. 'म्युझिक फ्रॉम द मोशन पिक्चर' असेल तर ते पुन्हा वाजवलेलं असू शकतं. मात्र कंपन्यांनी हा फरक नेहमी पाळलेला नाही. त्यामुळे वाद्यवृंदाचं नाव आणि रेकॉर्डिंगचं वर्ष बघणं जास्त भरवशाचं. सिनेमा आणि रेकॉर्डिंग यांच्यात पंधरा वर्षांचं अंतर असेल, तर उत्तर तिथेच मिळतं.

'सायको'चं (१९६०) असंच आहे. सिनेमासोबत रेकॉर्ड निघालीच नाही. हरमन यांनी १९७५ साली, आपल्या मृत्यूच्या वर्षी, हे संगीत लंडनमध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं, पण बरंच संथ लयीत. घरी एक प्रयोग करून बघा. सिनेमाचा आवाज बंद करून बास यांची टायटल्स लावा आणि त्याच क्षणी ही रेकॉर्ड सुरू करा. पडद्यावरच्या करड्या पट्ट्या सरकून संपतात, तेव्हा व्हायोलिन अजून मागेच असतात.