आपली वंशावळ आपणच लिहू

जात पडताळणीच्या अर्जाबरोबर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मीही दिले. पणजोबा, आजोबा, वडील आणि मी. एकाखाली एक चार नावे. अनुसूचित जातींसाठी पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा लागतो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेले पहिले माझे वडील, तेही १९५० नंतर जन्मलेले. शेवटी कोतवाल बुकातली आजोबांच्या जन्माची एक ओळ कामी आली. त्या ओळीत बापाचे नाव होते, जात होती. आईचे नाव नव्हते.

मी ती वंशावळ घरी वाचून दाखवली. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ह्यात मी कुठं हाय रं?"

मी इतिहास शिकवतो. तरी या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

वरच्या जातींच्या वंशावळी तीर्थोपाध्यायांनी त्र्यंबक-नाशिकच्या वह्यांत जपल्या. पुढे त्यांचे कुलवृत्तांत छापून निघाले. आपल्या पूर्वजांची नावे कोणी व कशासाठी लिहिली? जेथे राबणाऱ्या हातांची गरज होती तेथे. १८७४ च्या वतन कायद्याखाली महारवतनाचे जे कागद झाले त्यांत आपले पूर्वज सापडतात. कारण हिस्सा कोणाचा आणि राबण्याची पाळी कोणाची, हे ठरवायचे होते. त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. वतन कायद्याने जायला मात्र १९५८ उजाडले. दुसऱ्यांच्या मयताचा सांगावा गावोगाव पोचवणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या मरणाची तारीख त्यांच्या नातवंडांना ठाऊक नाही. आपल्या इतिहासाची ही अवस्था आहे.

म्हणून मी एक मोठा कागद घेतला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ, तिच्यातून मुलांकडे उतरणारी उभी रेघ. सुरुवात तळाशी स्वतःपासून केली आणि आईकडची बाजूही तितकीच वर नेली. प्रत्येक नावाखाली गाव, काम, शिक्षण, जन्म आणि मृत्यू. म्हाताऱ्या माणसांना साल विचारून उपयोग नसतो. मानमोडीच्या साथीत कोण गेले असे विचारले की १९१८ हाती लागते. धर्मांतराच्या वेळी कडेवर कोण होते, म्हणजे १९५६. दुष्काळात खडी फोडायला कोण गेले, म्हणजे १९७२. जे ऐकले ते पेन्सिलीने लिहिले. शाळेचे रजिस्टर, फेरफार, गाव नमुना १४ यांत जे सापडले ते शाईने.

कागद भरत गेला तशी नावेच बोलू लागली. वरच्या ओळींत धोंडू, कचरू, दगडी. शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे, असे मनुस्मृती सांगते. आजीने दुसरे कारण सांगितले, "आधीची पोरं जगली न्हाईत, म्हून कचरू." म्हणजे कचरूच्या आधी तक्त्यावर रिकाम्या जागा आहेत. आजीची स्वतःची आठ बाळंतपणे झाली, चार मुले जगली. त्या चारांसाठीही मी खुणा केल्या. नाव नसले तरी ती जन्मली होती. १९५६ नंतरच्या ओळीत मात्र गौतम, सुजाता, मिलिंद उतरतात. धम्मक्रांतीवर आपण भाषणे पुष्कळ ऐकली. ती आपल्याच घरात कोणत्या मुलापासून सुरू झाली, हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येते.

एक गोल बरेच दिवस रिकामा होता. आजोबांना एक थोरली बहीण होती, एवढेच सगळे सांगत. पुढे कोणी बोलेना. अखेर आजीनेच सांगितले. नवसापोटी तिला लहानपणीच जेजुरीला खंडोबाला सोडली होती. ती मुरळी होती. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी प्रतिबंधाचा कायदा झाला. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे भाषण करून हे जिणे सोडण्याचे आवाहन केले. आमच्या घरातली ती मुलगी तोवर सुटून गेलेली होती. पुढे ती कोठे वारली हे कोणाला माहीत नाही.

चुलते म्हणाले, "हे लिहू नकोस. पोरांची लग्नं व्हायचीत." त्यांची भीती खोटी नाही. पण लाज कोणी बाळगायची? नऊ-दहा वर्षांच्या पोरीने, की तिला देवाच्या नावाने सोडायला लावणाऱ्या धर्माने? आपणच तिला गाळले, तर आपली वंशावळ आणि सरकारी प्रतिज्ञापत्र यांत फरक काय राहिला? तिचे नाव मी येथे छापत नाही, ते घरच्यांच्या संमतीचे आहे. तक्त्यावर मात्र ते आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना एक सांगावे. या कागदावर राजेरजवाडे शोधू नका, नवे गोत्र जोडू नका. कुळाचा मोठेपणा हा ज्यांचा धंदा होता त्यांची नक्कल आपल्याला करायची नाही. राबले कोण, शिकले कोण, उपाशी मेले कोण, एवढे खरे लिहा. आणि लवकर लिहा. आपले दप्तर माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

तक्ता पुरा झाला तेव्हा आजीला वाचता येत नसल्याने तिचे बोट धरून मी तिच्या गोलावर ठेवले. तिने मग शेजारचे बोट सरकवत विचारले, "आन् माझी आई?"

तो गोल मी त्याच दिवशी काढला.