तळटीप : ‘पोरं पळवणारी टोळी’
किडन्या विकायला मुले पळवणारी टोळी आल्याची ही वावडी २०१८मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून खानदेशातही पसरली. १ जुलैला, आठवडी बाजाराच्या दिवशी, राईनपाडा (ता. साक्री, जि. धुळे) येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले, मारहाण ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती! त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. पुलाच्या पायात नरबळी देतात, ही जुनी आवई आता क्वचितच कानी येते. पण पोरं पळवणाऱ्या टोळीच्या वावडीलाही लेखक ‘विरलेली’ म्हणतात, ते घाईचे वाटते. सप्टेंबर २०२२मध्ये लवंगा (ता. जत, जि. सांगली) येथे याच संशयावरून चार साधूंना मारहाण झाली. — संपादक