औद्योगिक वायुवाहिन्यांतील वेगमर्यादा

औद्योगिक वायुवाहिन्यांतील वेगमर्यादा म्हणजे कारखान्यातील नळांमधून वायू वाहत असताना सुरक्षिततेच्या दृष्टीने ओलांडू नये असा कमाल वेग होय. सर्व वायूंना लागू पडेल अशी एकच मर्यादा नाही. वायूचा प्रकार, दाब, घनता, त्यातील द्रव वा घन कण आणि नळाचा धातू यांनुसार ती ठरते.

वेग व दाब

नळातील सरासरी वेग म्हणजे प्रत्यक्ष दाब व तापमानाला असलेला घनफळ-प्रवाह भागिले नळाचे अंतर्गत क्षेत्रफळ. तापमान स्थिर असता दाब निम्मा झाला, की वायूचे घनफळ जवळपास दुप्पट होते. त्यामुळे त्याच व्यासाच्या नळात वेगही दुप्पट होतो. म्हणून नियंत्रण झडपेच्या पुढील कमी दाबाच्या भागात वेग स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

अतिवेगाचे परिणाम

घर्षणामुळे होणारी दाबघट साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाळू किंवा गंजाचे कण असल्यास वळणांवर (एल्बो) व टी-जोडांवर धातूची झीज होते. ही झीज वेगाच्या साधारण दुसऱ्या ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. याशिवाय आवाज व कंपने वाढून जोडांना थकव्याचे तडे जाऊ शकतात. वेग ध्वनिवेगाइतका झाला, की प्रवाह अवरुद्ध होतो. त्यानंतर पुढील बाजूचा दाब कमी करूनही वस्तुमान-प्रवाह वाढत नाही.

क्षरणवेग

समुद्रातील तेल-वायू उत्पादन मंचांवरील नळांसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘आरपी १४ई’ या शिफारशीत पुढील सूत्र दिले आहे:

क्षरणवेग = स्थिरांक ÷ √घनता

वेग मीटर प्रतिसेकंद व घनता किलोग्रॅम प्रतिघनमीटर या एककांत घेतल्यास, घन कण नसलेल्या अखंड सेवेसाठी स्थिरांक सुमारे १२२ व खंडित सेवेसाठी सुमारे १५२ असतो. अखंड सेवेत घनता २५ असेल तर मर्यादा सुमारे २४ मीटर प्रतिसेकंद येते. घनता निम्मी झाल्यास मर्यादा सुमारे ३४ पर्यंतच वाढते, प्रत्यक्ष वेग मात्र दुप्पट होतो. म्हणजेच दाब उतरताना सुरक्षिततेचे अंतर घटत जाते. या सूत्रात कणांचा आकार व प्रमाण विचारात घेतलेले नसल्याने वाळूयुक्त प्रवाहासाठी ते पुरेसे मानले जात नाही. याच शिफारशीनुसार वायुवाहिन्यांत वेग सुमारे १८ मीटर प्रतिसेकंदाहून अधिक झाल्यास आवाजाची समस्या उद्भवू शकते.

ऑक्सिजन वाहिन्या

ऑक्सिजनच्या बाबतीत झिजेपेक्षा आगीचा धोका मोठा असतो. वेगाने वाहणारा कण नळाच्या भिंतीवर आदळून तापतो व पेटतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्या ज्वलनाने पोलादही जळू शकते. त्यामुळे कण आदळण्याचा संभव असलेल्या जागी कार्बन पोलादासाठी कडक मर्यादा पाळतात. युरोपीय औद्योगिक वायू संघटनेच्या मार्गदर्शनानुसार १५ बारपर्यंत ही मर्यादा ३० मीटर प्रतिसेकंद आहे. १५ ते १०० बार दरम्यान दाब (बार) व वेग यांचा गुणाकार ४५० पेक्षा अधिक नसावा. त्यानुसार ३० बारला १५, तर १०० बारला केवळ ४.५ मीटर प्रतिसेकंद वेग चालतो. अधिक वेग अटळ असल्यास तांबे किंवा निकेलबहुल मिश्रधातू वापरतात. नळ तेल, ग्रीस व कणांपासून मुक्त ठेवणेही आवश्यक असते.

किमान वेग

वायूसोबत द्रव वाहत असल्यास फार कमी वेगही अयोग्य ठरतो. द्रव नळात साचून त्याचे लोंढे पुढील उपकरणांवर आदळतात. म्हणून द्विप्रावस्था वाहिन्यांत किमान ३ मीटर प्रतिसेकंद वेग राखण्याची शिफारस ‘आरपी १४ई’मध्ये आहे.