पिल्ली आणि मांजर

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू. गल्लीबाहेर पडलं की मराठी. बालवाडीतल्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी तक्त्यावरच्या एका चित्रावर छडी ठेवून मला विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "पिल्ली." बाई म्हणाल्या, "पिल्लू नाही रे, चांगलं मोठं मांजर आहे!" वर्ग हसला.

तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. माझं उत्तर बरोबर होतं, ते सांगण्यापुरती मराठी मात्र नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस मी शाळेत तोंड उघडलं नाही.

चित्रपुस्तकांच्या इतिहासात मी शिरलो तो या मांजराच्या मागून. मुलांच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगताना कोमेनिअसच्या ‘ऑर्बिस पिक्टस’चं नाव हमखास येतं. १६५८ साली ते न्यूरेंबर्गला निघालं. हेतू लॅटिन शिकवण्याचा. पण मांडणी अशी की वर चित्र, खाली लॅटिन मजकूर आणि शेजारीच तो जर्मनमध्ये. चित्रातल्या वस्तूंना आकडे, तेच आकडे मजकुरात. नवी भाषा शिकताना मुलाची स्वतःची भाषा त्याच पानावर हजर होती. चित्र त्या दोघींच्या मधला दुभाषा होतं.

आपल्याकडे हे काम सोपं व्हायला हवं होतं. १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतून एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत येऊ लागलं. अशा पुस्तकांच्या छपाईत एक सोय असते. रंगीत छपाई महाग, म्हणून चित्रं सगळ्या भाषांसाठी एकदमच छापून घ्यायची आणि काळ्या शाईतला मजकूर तेवढा भाषेप्रमाणे बदलायचा. अशा पुस्तकात मांजर तेच राहतं, नाव बदलतं. पण तेलुगू आवृत्ती तेलुगू वाचकांसाठी आणि मराठी आवृत्ती मराठी वाचकांसाठी. दोन्ही भाषा एकाच गल्लीत नांदणाऱ्या गावाचा विचार त्या हिशोबात नसतो.

सोलापुरात तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तेलुगूत आणि कन्नडमध्येही निघतात. तरी वडिलांनी मला मराठी शाळेत घातलं. कचेरीतले कागद मराठीत असतात, एवढंच त्यांचं कारण. ते चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

शाळेत पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाची धास्ती मराठी चित्रपुस्तकात आली आहे. माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ मालिकेत ‘मोठी शाळा’ आहे. मी ते पुस्तक मोठेपणी वाचलं आणि आवडलं. पण यशला शाळेतली भाषा येते. ज्याला ती येत नाही, त्या मुलाची गोष्ट मला अजून मराठी चित्रपुस्तकात भेटलेली नाही.

आता साधनं आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथल्या गोष्टी कोणीही फुकट वाचाव्यात, आपल्या भाषेत आणाव्यात. चित्रं तीच राहतात.

मी हल्ली शनिवारी आमच्या भागातल्या एका बालवाडीत गोष्ट वाचायला जातो. मजकुरावर तळहात ठेवतो आणि आधी चित्र दाखवतो. परवा मांजर निघालं. एक मुलगा म्हणाला, "पिल्ली." मागून आवाज आला, "बिल्ली!" एक मुलगी ठामपणे म्हणाली, "बेक्कू." तिच्या घरी कन्नड बोलतात. तिघांचं थोडं भांडण झालं. मी तिघांनाही बरोबर म्हटलं, मग हात काढून छापलेला शब्द वाचला.

"मांजर," पोरं एका सुरात म्हणाली.